आळे, आणे आणि चुकांची यादी

माळशेज घाट चढून कल्याण-नगर रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की आधी ओतूर लागते, मग आळेफाटा आणि आळे, पुढे बेल्हे, आणि जुन्नर तालुका संपता संपता आणे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आळ्यात आहे. आण्याला रंगदासस्वामींची यात्रा भरते आणि तिथल्या आमटी-भाकरीच्या प्रसादाला आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात. दोन्ही गावे मोठी, दोन्ही एकाच रस्त्याला, एकाच तालुक्यात. नावांत फरक काय तो एका अक्षराचा.

काही वर्षांपूर्वी एका रात्री मी एक कमांड दिली आणि माझ्या संग्रहातले आणे हे गाव नाहीसे झाले. त्याचे सगळीकडे आळे झाले. एवढ्यावरही थांबले नाही. जुन्या हिशेबांच्या नकलांत जिथे ‘दोन आणे’ होते तिथे ‘दोन आळे’ झाले. यंत्राने काही आगाऊपणा केला म्हणावे तर तसेही नाही. मी जे सांगितले तेच त्याने अक्षरशः केले. या लेखाचा विषय ते यंत्र, म्हणजे कोडमधले टंकदोष शोधून दुरुस्त करणारे एक छोटे अवजार, आणि त्याच्या निमित्ताने मला पडलेला प्रश्न हा आहे: एखादा शब्द चुकलेला आहे हे ठरते कशावरून?

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही, संगणकाचाही नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली स्थलनामे गोळा करण्याचा नाद गेली अनेक वर्षे आहे. गावे, वाड्या, घाट, झरे, शेतांची नावे. वह्या वाढल्या तेव्हा नोंदी संगणकावर घेतल्या, नोंदी वाढल्या तेव्हा त्या चाळण्यासाठी लहान लहान प्रोग्रॅम लिहायला शिकलो. पुस्तके वाचून आणि कॉलेजातल्या मुलांना विचारून. त्यामुळे माझ्याकडे आज जे फोल्डर आहे, त्याला प्रोग्रॅमर मंडळी ‘प्रोजेक्ट’ म्हणतील. त्यात थोडा कोड आहे आणि पुष्कळ मजकूर आहे.

कोडमध्ये शुद्धलेखन कशाला?

ज्यांनी कधी कोड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. कोडमध्ये तीन प्रकारचे शब्द असतात. पहिले यंत्राच्या भाषेचे राखीव शब्द. त्यांत एक अक्षर चुकले तर प्रोग्रॅम चालतच नाही, त्यामुळे ती चूक लपून राहत नाही. दुसरे, लिहिणाऱ्याने स्वतः ठेवलेली नावे: गावांच्या यादीला एक नाव, अंतर मोजणाऱ्या तुकड्याला दुसरे. ही नावे सगळीकडे सारखीच चुकवली तर यंत्राची काही तक्रार नसते. त्याला दोन्ही ठिकाणी अक्षरे जुळली म्हणजे झाले. तिसरा प्रकार माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराचा: कडेच्या टिपा, पडद्यावर उमटणारे संदेश, माहितीपत्रक. त्याकडे यंत्र ढुंकूनही पाहत नाही.

म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतल्या चुका वर्षानुवर्षे नांदू शकतात. ‘रिसीव्ह’मधले ई आणि आय उलटे पडतात, ‘सेपरेट’मधल्या मधल्या ‘ए’ची जागा ‘ई’ घेतो, ‘ऑकर्ड’मधला एक ‘आर’ गळतो. यामुळे प्रोग्रॅम बंद पडत नाही, हे खरे. पण शोध बंद पडतो. शंभर फाइलींत एखादे नाव शोधावे आणि एका फाइलीत ते वेगळ्या स्पेलिंगने बसलेले असावे, तर ती फाइल आपल्यापुरती हरवली. स्थलनामांचे काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कागदपत्रांत गावाचे नाव एका वेलांटीने वेगळे लिहिलेले असले, की माणसाला आपल्याच पणजोबाची नोंद सापडत नाही.

या कामासाठी जी अवजारे आहेत त्यांतली दोन मला वापरून माहीत आहेत. एक ‘कोडस्पेल’, पायथॉन भाषेत लिहिलेले. दुसरे ‘टायपोज’, रस्ट या नव्या भाषेत लिहिलेले आणि फार वेगवान. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यांना बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करायचा आणि एंटर दाबायचे. ते सगळे फोल्डर चाळून काढते आणि कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत, कोणता शब्द खटकला आणि त्याऐवजी काय हवे असावे, याची यादी समोर ठेवते. मुद्रितशोधक गॅली प्रूफच्या समासात खुणा करून देतो तसेच हे.

बरोबर शब्दांची यादी की चुकीच्या?

आपल्या ओळखीचे शुद्धलेखन-तपासक कोशावर चालतात. त्यांच्याजवळ बरोबर शब्दांची यादी असते आणि जो शब्द यादीत नाही त्याच्याखाली तांबडी रेघ येते. ही रीत जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही प्रणाली घडत होती, तेव्हा तिच्यात ‘स्पेल’ नावाची कमांड आली. डग्लस मॅकिलरॉय यांनी सुमारे ३०,००० शब्दांची यादी त्या काळच्या यंत्रांच्या ६४ किलोबाइट स्मृतीत कशी मावेल, यासाठी केलेली कसरत आजही नमुना म्हणून शिकवली जाते.

तांबड्या रेघेच्या शब्दाला पर्याय सुचवायचा तर तो कुठून आणायचा? याचे उत्तर १९६४ साली फ्रेडरिक डॅमेरो या संशोधकाने दिले. टंकलिखित मजकुरातल्या चुका तपासल्यावर त्याला दिसले की ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारांच्या असतात आणि शब्दागणिक एकच असते: एक अक्षर बदललेले, एक गळलेले, एक जास्तीचे, किंवा शेजारची दोन अक्षरे उलटी. म्हणून चुकलेल्या शब्दापासून एकाच पावलाच्या अंतरावर कोणता बरोबर शब्द आहे ते पाहावे. पुढच्याच वर्षी रशियात व्लादिमिर लेव्हेनश्टाइन याने असे अंतर मोजण्याचे गणित मांडले. आजचा मोबाइल आपला शब्द सुधारतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

पण या विचाराच्या दृष्टीने आळे आणि आणे यांतले अंतर फक्त एक. त्याच्या कोशात आळे असेल आणि आणे नसेल, तर आणे ही आळ्याची चूकच ठरते. ज्या गावाचे नाव कोशात नाही ते गाव नाही.

कोडमध्ये ही रीत वापरली तर पान तांबडे होऊन जाईल, कारण कोडमध्ये कोशाबाहेरचे शब्दच जास्त: आद्याक्षरे, जोडनावे, अर्धवट तोडलेले शब्द, परभाषेतली नावे. म्हणून कोडस्पेल आणि टायपोज उलटी वाट धरतात. त्यांच्याजवळ बरोबर शब्दांची नव्हे, तर माहीत असलेल्या चुकांची यादी असते. एका बाजूला चुकीचे रूप, मध्ये बाण, दुसऱ्या बाजूला बरोबर रूप. कोडस्पेलची मूळ यादी इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी जमवलेल्या नेहमीच्या चुकांच्या यादीवरून घेतलेली आहे आणि वापरणारे तिच्यात भर घालत आले आहेत. लिनक्सच्या गाभ्याबरोबरही अशीच एक चुकांची फाइल ठेवलेली असते.

या दोन रीतींत मला स्वभावाचा फरक दिसतो. पहिली रीत अनोळखी शब्दाला संशयित मानते. दुसरी अनोळखी शब्दाला वाटेला लावत नाही, फक्त पूर्वी पकडलेल्यालाच पकडते. त्यामुळे नवी, कधी न पाहिलेली चूक तिच्या हातून निसटते. पण ज्या शब्दावर ती बोट ठेवते तो बहुतेक वेळा खरोखरच चुकलेला असतो. रोज वापरायच्या अवजाराला हा दुसरा गुण जास्त मोलाचा. दहापैकी नऊ वेळा खोटी ओरड करणाऱ्या राखणदाराकडे चार दिवसांनी कुणी लक्ष देत नाही.

अवजार आतून कसे चालते

पहिले काम फाइली निवडण्याचे. चित्रे, आवाज, यंत्राने स्वतः तयार केलेल्या फाइली वगळायच्या. दुसरे काम शब्द तोडण्याचे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. प्रोग्रॅमर नावात मोकळी जागा सोडू शकत नाही. म्हणून तो शब्द एकमेकांना चिकटवतो आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करतो, किंवा दोन शब्दांच्या मध्ये खालची रेघ घालतो. पहिल्या पद्धतीला त्या मंडळींत उंटाची पद्धत म्हणतात, कारण मोठी अक्षरे मध्येच मदारींसारखी वर येतात. टायपोज हे दोन्ही सांधे उकलून आतले शब्द वेगळे तपासते. कोडस्पेल एरवी तसे करत नाही, ते सांधलेले नाव एकच शब्द समजते. याखेरीज, आकडे-अक्षरांच्या ज्या लांबलचक खुणा यंत्रे एकमेकांना देतात त्या शब्द नाहीत, हे ओळखून टायपोज त्या सोडून देते.

तिसरे काम यादीत पाहण्याचे. आणि इथे या अवजारांच्या कर्त्यांचा शहाणपणा दिसतो. चुकीच्या रूपाला एकच दुरुस्ती संभवत असेल, तरच अवजार ती आपणहून करू शकते, तेही आपण ‘बदल लिही’ असे स्पष्ट सांगितले तर. एकाहून अधिक दुरुस्त्या संभवत असतील तर ते नुसते दाखवते आणि हात मागे घेते. कोडस्पेलच्या यादीत अशा ओळीच्या शेवटी एक स्वल्पविराम असतो. एवढासा स्वल्पविराम सांगतो की इथे माणसाने पाहावे. यादीतल्या एखाद्या शब्दापुढे आपोआप दुरुस्ती का करू नये याचे कारणही लिहून ठेवता येते.

तरी फसगत होतेच. गणितात अनेक मितींच्या आकृतीसाठी ‘एन-डी’ अशी आद्याक्षरे वापरतात. अवजाराला वाटते, ‘अँड’मधला ‘ए’ राहिला. मी रोमन लिपीत ‘ते’ असे मराठी सर्वनाम लिहिले होते. अवजाराने ते इंग्रजी ‘द’ची मोडतोड समजून खूण केली. अशा वेळी तो शब्द अपवादांच्या फाइलीत घालायचा असतो. पुढे ती फाइलच मला सगळ्यात महत्त्वाची वाटू लागली.

जुन्नर नव्हे, ज, न आणि नर

हे सगळे इंग्रजीसाठी झाले. माझा मजकूर मराठी. कोडस्पेलला स्वतःची यादी देता येते, तेव्हा मी माझ्या नेहमीच्या चुकांची मराठी यादी केली आणि चालवून पाहिले. काहीच सापडले नाही. चूक डोळ्यांना दिसत होती, यादीत होती, आणि अवजार म्हणत होते की सर्व ठीक.

कारण शोधायला मला काही आठवडे लागले. ‘शब्द म्हणजे काय’ हे अवजार पायथॉनला विचारते, आणि पायथॉनची नेहमीची व्याख्या अशी की अक्षरे, आकडे आणि खालची रेघ यांची सलग माळ म्हणजे शब्द. संगणकाच्या जागतिक लिपिसंकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांची गणना अक्षरांत होत नाही. त्या जोडचिन्हे आहेत. त्यामुळे पायथॉनला ‘जुन्नर’ हा एक शब्द दिसत नाही. त्याला ‘ज’, ‘न’ आणि ‘नर’ असे तीन तुकडे दिसतात. ‘मंचर’चे ‘म’ आणि ‘चर’. ‘खोडद’चे ‘ख’ आणि ‘डद’. ‘नारायणगाव’चे ‘न’, ‘र’, ‘यणग’ आणि ‘व’. हे तुकडे माझ्या यादीत कुठून असणार?

उपाय होता. शब्दाची व्याख्या आपण पुरवू शकतो. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा दिला आहे. त्या पट्ट्यातले जे काही सलग येईल ते एक शब्द धर, असे सांगितले आणि ‘जुन्नर’ एकसंध झाले.

त्यानंतर दुसरी अडचण. मराठीतली काही अक्षरे संगणकात दोन प्रकारे लिहिता येतात आणि पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. ‘ॲ’ हे एक अखंड अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत होते आणि अजूनही लिहितात. दोन्ही दिसायला एक, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. तसेच ‘ऱ्य’चे. दऱ्या, पायऱ्या, झऱ्याजवळ यांतला तो आडवा रकार दोन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतो. आणि पुष्कळदा तो टाइप होतच नाही, साधा रफार पडतो. जुन्नरच्या पश्चिमेला ढाकोबा किल्ल्याजवळून कोकणात उतरणारा दाऱ्या घाट आहे. त्याचे ‘दर्या घाट’ असे नाव मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र आणून ठेवणारी ही चूक एका रफाराची आहे. अशा चुकांसाठी मात्र यादी अगदी योग्य: चुकीचे रूप एक, बरोबर रूप एक, शंकेला जागा नाही.

तिसरी अडचण मराठीच्या स्वभावातली आहे आणि तिच्यावर सोपा उपाय नाही. इंग्रजी शब्द वाक्यात फारसा बदलत नाही. मराठीत नारायणगाव, नारायणगावात, नारायणगावचा, नारायणगावाहून, नारायणगावकर असा एकाच नावाचा मोठा परिवार असतो. चुकांची यादी पूर्ण शब्द जुळवते, म्हणून प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. मी ती लिहीत बसलो. यादी वाढत गेली आणि तिच्याबरोबर माझा आत्मविश्वासही.

ती रात्र

आळे गावाविषयीच्या काही छापील पानांची मी छायाचित्रावरून अक्षरओळख करून घेतली होती. तीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘ण’ उमटला होता. मी यादीत ‘आणे’ असे लिहिले, बाण काढला, पुढे ‘आळे’ लिहिले. त्या फाइलीपुरते ते बरोबरच होते. पण कमांड मी पूर्ण फोल्डरवर चालवली, ‘बदल लिही’ असे सांगून. पुढचे वर आले आहे. गंमत अशी, की हिशेबांत ‘दोन आणे’चे आळे झाले, पण ‘आण्याचा’ तसाच राहिला, कारण ते रूप मी यादीत घातले नव्हते. एकाच ओळीत आळे आणि आणा शेजारी नांदू लागले.

हे निस्तरता आले. प्रोजेक्टची प्रत्येक अवस्था जपून ठेवणारे ‘गिट’ नावाचे साधन मी वापरतो. त्याला रोजकीर्द म्हणा. त्यातून आदल्या दिवसाचे पान काढले आणि अर्ध्या तासात आणे परत आले.

त्याच रात्री आणखी एक बदल झाला होता. तो माझ्या लक्षात आला नाही. यादीत ‘पानी’ पुढे ‘पाणी’ असे होते. त्यात चूक काय?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या बाजूला, एका प्राथमिक शिक्षकांनी नोकरीच्या काळात वाड्यावाड्यांतली झऱ्यांची, खाचरांची, वाटांची नावे आणि त्यांच्यामागच्या हकिकती एका वहीत उतरून घेतल्या होत्या. लोक बोलतात तशाच. गुरुजी गेल्यावर त्यांच्या मुलीने ती वही मला नकलून घ्यायला दिली. मी नक्कल करून वही परत केली. आणे परत आणताना मी फक्त आण्याचेच बदल शोधून मागे घेतले, बाकीचे ठेवले. त्यावर पुढे कित्येक महिने हाताने दुरुस्त्या करत राहिलो. मग एकदा छापून काढलेली नक्कल तिला वाचायला नेली. तिने दोन पाने वाचली, तिसरे अर्धे वाचून मिटले आणि म्हणाली, “भाऊ, सगळं नीट लिहिलंय. पण ह्यात बाबांना सांगणारी माणसं बोलत नाहीत.”

गुरुजींना ‘पाणी’ कसे लिहितात हे माहीत होते. ते मुलांना तेच शिकवत होते. वहीत त्यांनी ‘पानी’ लिहिले ते त्या म्हातारीने तसे म्हटले म्हणून. ती नोंद होती, आणि मी ती दुरुस्त केली. या वेळी रोजकीर्दीतून नुसते जुने पान काढून भागणार नव्हते, कारण त्यानंतरच्या माझ्या खऱ्या दुरुस्त्याही त्याच पानावर होत्या. वही पुन्हा मागून घेतली आणि ओळीला ओळ लावून बसलो. एक पावसाळा गेला.

ज्या चुका दुरुस्त करायच्या नसतात

त्यानंतर मी जाणत्यांच्या चुकांकडे लक्ष देऊन पाहू लागलो. आपण संकेतस्थळावर एका पानावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा आपण कुठून आलो हे सांगणारी एक ओळ यंत्र पुढे पाठवते. तिचे नाव ‘रेफरर’. पण ज्यांनी ते सुचवले त्यांनी मधल्या दोन ‘आर’ऐवजी एकच लिहिला. १९९६ साली संकेतस्थळांच्या देवघेवीचे नियम प्रसिद्ध झाले तेव्हा ती चूक नियमात गेली आणि आजही प्रत्येक ब्राउझर ती चूक इमानाने लिहितो. कुणी शुद्ध लिहिले तर समोरच्या यंत्राला ते कळणार नाही. युनिक्समध्ये फाइल तयार करण्याच्या आज्ञेतला शेवटचा ‘ई’ असाच राहून गेला. युनिक्स पुन्हा घडवायचे झाले तर काय बदलाल, असे तिच्या कर्त्यांपैकी केन थॉम्प्सन यांना विचारले, तेव्हा त्यांनी तो ‘ई’ घालीन असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. चूक सर्वांनी मान्य केली, की ती नाव होते.

काही गोष्टी नुसत्या चुकीसारख्या दिसतात. आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मधल्या चौकात आणि १६ तीन बाहूंवर पसरलेल्या. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरते आणि पंचक्रोशीतली शाळकरी मुले गर्दी करतात. चौकातल्या तबकड्यांना सी, पूर्वेच्या बाहूला ई, पश्चिमेच्या डब्ल्यू, दक्षिणेच्या एस अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक आहेत. यादी लक्षपूर्वक पाहिली तर तीत सी-७ नाही, ई-१ नाही, एस-५ नाही. नीटनेटकेपणाची आवड असलेला कुणीही म्हणेल की तीन ओळी गळल्या आहेत, किंवा क्रमांक सलग करून टाकेल. पण तबकड्या आहेत त्या आहेत. पूर्ण ३० भरतात. क्रमांक सलग केले तर एका तबकडीची नोंद दुसरीच्या नावावर जाईल.

आमचा शेजारचा तालुका तर नावासह याचे उदाहरण आहे. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावला. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. आजच्या नकाशावर गावे मोजणारा प्रोग्रॅम विचारील, या नावाचे गाव कुठे आहे? नाही म्हणून नाव खोडायचे का?

आणि काळाचा प्रश्न आहेच. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या कागदात ‘गांव’, ‘नांव’ आहे ते त्या काळी बरोबरच होते. माझ्या यादीतली ‘गांव’ची दुरुस्ती माझ्या गद्याला लागू. जुन्या दस्ताच्या नकलेला लागू केली तर ती खाडाखोड.

हा विवेक नवा नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिपिकार एक ठरावीक श्लोक लिहीत, त्याचा आशय असा की जसे पाहिले तसे उतरवले, दोष मला देऊ नये. दुसऱ्या टोकाला एकनाथ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. एकाने काहीच बदलले नाही, दुसऱ्याने विचारपूर्वक बदलले आणि तसे केल्याचे उघड सांगून ठेवले. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखाचे वाचन छापतानाही अभ्यासक दगडावर आहे तेच वर देतात आणि आपली दुरुस्ती टिपेत मांडतात. जुन्या मुद्रितशोधकांची एक खूण होती: चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबे द्यायची. अर्थ, आहे तसे राहू द्या. कोडस्पेलमधला तो स्वल्पविराम आणि अपवादांची फाइल ही त्या टिंबांचीच पुढची पिढी आहे.

आता मी अवजार रोज चालवतो, पण ‘बदल लिही’ असे पूर्ण फोल्डरला कधी सांगत नाही. कोड आणि माझे स्वतःचे लेखन एका बाजूला. तिथे ते मुक्तपणे हिंडते आणि मला दर आठवड्याला दोन-चार वेळा लाजवते. जुने दस्त, हिशेब आणि गुरुजींची वही दुसऱ्या बाजूला. त्या फोल्डरांची नावे वगळण्याच्या यादीत आहेत. तिथली एखादी ओळ मला चुकलेली वाटली तर ओळीला हात न लावता मी खाली टीप लिहितो.

अपवादांच्या फाइलीत प्रत्येक शब्दापुढे कारण लिहायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. उद्या माझ्यानंतर कुणी ही फाइल उघडली, तर त्याला शब्द का राखला ते कळावे. पहिल्या तीन ओळी अशा आहेत:

आणे: स्वतंत्र गाव, तालुका जुन्नर. आळे नव्हे. जुने नाणेही.

आंबेगाव: गाव पाण्याखाली. नाव चालू.

पानी: गुरुजींनी ऐकले तसे.